यादी गेली, करार राहिला

«ताई, मी मूळची सांगलीची, सध्या ओहायोत पोस्टडॉक करते. जानेवारी २०२४ मध्ये जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर आले, नवरा जोडीदाराच्या जे-२ वर. व्हिसाच्या स्टिकरवरच 'दोन वर्षांची अट लागू' असं छापलं होतं. आता प्रोफेसर एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, करून द्यायला तयार आहेत. ग्रुपवर सगळे म्हणतात, भारत त्या अटीच्या यादीतून निघाला, तू मोकळी आहेस. पण युनिव्हर्सिटीच्या ऑफिसने जुने सगळे कागद मागितले आणि माझ्या पोटात गोळा आला. पीएचडी करताना ऑगस्ट २०२१ ते मे २०२२ मी फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर इथेच होते. मैत्रीण म्हणते, त्या वेळचा डीएस-२०१९, म्हणजे जे-१ चा सरकारी कागद, दाखवूच नकोस. बाबांनी पुण्यात एजंट गाठलाय, तो साठ हजारांत 'नोरी', म्हणजे ना-हरकत दाखला, काढून देतो म्हणतो. नवऱ्याची कंपनी त्याचा एच-१बी भरणार आहे, मग मी जोडीदाराच्या एच-४ वर जाऊ का? की वेव्हर, म्हणजे अटीतून माफी, मागू? आणि डॉक्टर मावसभाऊ मिशिगनमध्ये रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) करतोय, त्यालाही हेच लागू का? माझ्या येण्याजाण्याच्या तारखा खाली लिहिल्या आहेत.»
— सांगलीची लेक

प्रिय सांगलीच्या लेकी,

तारखा लिहून पाठवल्यास, फार बरं केलंस. या विषयावर येणाऱ्या पत्रांत भीती भरपूर असते, तारीख एकही नसते. मी वकील नाही. परदेशी संशोधकांची कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलामागे बरीच वर्षं बसले, त्या अनुभवावर लिहिते. शेवटचा शब्द इमिग्रेशनच्या वकिलाचाच. पण त्याच्यासमोर बसशील तेव्हा काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

आधी मैत्रिणीचा सल्ला कचऱ्यात टाक. तुझे दोन्ही डीएस-२०१९ एकाच सरकारी संगणकात आहेत, त्यामुळे तू न दाखवल्याने काहीच लपत नाही. लपवलंस एवढं मात्र दिसतं. आणि अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी खोटी माहिती देण्याची शिक्षा दोन वर्षांची नाही, जवळजवळ जन्माची आहे. ऑफिसने मागितलेले सगळे कागद द्यायचे, फुलब्राइटचा डीएस-२०१९ सगळ्यात वर ठेवून.

आता मुद्द्याचं. 'दोन वर्षांची अट' सगळ्यांना एकच वाटते, पण ती तीन वेगवेगळ्या कारणांनी लागते आणि सुटायची वाटही कारणागणिक वेगळी. एक, तुमच्या दौऱ्याला अमेरिकेच्या किंवा मायदेशाच्या सरकारचा पैसा लागला असेल तर. दोन, तुमचा विषय तुमच्या देशाला हव्या असलेल्या कौशल्यांच्या यादीत असेल तर. तीन, डॉक्टर म्हणून रेसिडेन्सी किंवा फेलोशिप करायला आला असाल तर. अट लागली की मायदेशात एकूण दोन वर्षं राहून होईपर्यंत एच आणि एल (कंपनीतल्या बदलीचा) व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही, आणि अमेरिकेत बसल्या जागी जे-१ वरून दुसऱ्या स्टेटसवर जाणंही जवळपास बंद.

ग्रुपवाले सांगतात ती बातमी खरी आहे. ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नवी कौशल्य-यादी काढली आणि २००९ च्या यादीतले बरेच देश वगळले. भारत गेला, चीनही गेला. शिवाय हा बदल मागच्यांनाही लागू केला, म्हणजे आधी आलेला माणूस केवळ यादीमुळे अडकला असेल तर तोही सुटला. तुझ्या जानेवारी २०२४ च्या स्टिकरवरचा शेरा त्या जुन्या यादीमुळे आला होता. तुझी पोस्टडॉकची पगाराची रक्कम प्रोफेसरांच्या संशोधन निधीतून येते आणि तो निधी लोकांची देवाणघेवाण करण्यासाठी दिलेला नाही, असं तू लिहितेस. तसं असेल तर या दुसऱ्या जे-१ ची अट संपली. स्टिकर बदलून मिळत नाही, त्याची गरजही नाही. तो शेरा हा अंतिम निकाल नसतोच.

पण यादी गेल्याने फुलब्राइट जात नाही. तिथे तू सही केलेला करार आहे. १९५० मध्ये नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी सही केलेल्या करारातून ही व्यवस्था भारतात आली, आणि २००८ पासून दोन्ही सरकारं मिळून तिचा खर्च उचलतात म्हणून नावात 'नेहरू' आले. म्हणजे तुझ्या त्या नऊ महिन्यांना एक नाही, दोन सरकारांचा पैसा लागला. एकदा लागलेली अट नंतरच्या साध्या जे-१ ने पुसली जात नाही, लग्नाने नाही, अमेरिकेत मूल झाल्यानेही आपोआप नाही. (हे शेवटचं लिहिते, कारण सांगली-मिरजेत कोणीतरी मावशी ते सुचवणारच आहे. अमेरिकन मुलाच्या नावावर वेव्हर मागता येतो, पण त्यासाठी मूल तुझ्याबरोबर भारतात आलं तरी आणि तुझ्याशिवाय इथे राहिलं तरी, दोन्हीकडून त्याचे असामान्य हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. आईबाबांना सोडून राहण्याचं दुःख त्या मापात बसत नाही.)

म्हणून बाबांना आजच फोन कर आणि साठ हजार थांबव. नोरी म्हणजे ही व्यक्ती परतली नाही तरी भारत सरकारची हरकत नाही, असा दाखला. त्याचा अर्ज सरकारकडे स्वतः ऑनलाइन करता येतो, आणि त्यावरून दूतावासाचं ना-हरकत पत्र थेट वॉशिंग्टनच्या वेव्हर विभागाला जातं, अर्जदाराच्या हाती दिलं जात नाही. एजंट तिथे काय करणार? मुख्य म्हणजे, ज्या दौऱ्याला अमेरिकन सरकारचा पैसा लागला तिथे या पत्राचं वजन फार कमी. वेव्हर विभाग पैसा देणाऱ्या कार्यक्रमाचं मत विचारतो, आणि फुलब्राइटवाले 'ठीक आहे, राहू द्या' असं सहसा म्हणत नाहीत. का म्हणावं? लोक परत जावेत, तिथे शिकवावं, हाच त्या कार्यक्रमाचा हेतू. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यात तो मांडलाय. मला तो न्याय्य वाटतो, हे तुला आवडणार नाही तरी सांगते.

तर वेव्हर हा तुझा रस्ता नाही. अर्ज करता येतो. डीएस-३०३५ भरायचा, १२० डॉलर भरायचे, आणि बहुधा महिनोन् महिने थांबून नकार घ्यायचा. चुकून शिफारस मिळालीच, तर आणखी एक पेच: शिफारस आल्यावर जे-१ ची मुदत वाढवता येत नाही. घाईने वेव्हर मागितला आणि एच-१बी लांबला म्हणून मधल्या मध्ये लटकलेले लोक मी पाहिले आहेत.

आता तुझ्या तारखांकडे ये. तिथेच तुझी सुटका आहे, आणि ती तुझ्या पत्रात तुलाच दिसलेली नाही.

कायदा म्हणतो, अमेरिका सोडल्यानंतर मायदेशात 'एकूण' दोन वर्षं. सलग नव्हे. तू २४ मे २०२२ ला मुंबईला उतरलीस आणि १२ जानेवारी २०२४ ला निघालीस. चौकटीची वही घेऊन बस, दोन्ही पासपोर्ट समोर ठेव, जुना आईच्या कपाटात असेल तर तिच्याकडून त्याचं पान न् पान फोटो काढून मागव. येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडला, तर २५ मे २०२२ ते ११ जानेवारी २०२४ हे ५९७ दिवस भरतात. त्यात सप्टेंबर २०२३ ची जर्मनीतली कॉन्फरन्स आहे. तू ४ तारखेला निघालीस, ११ ला परतलीस. ते आठही दिवस वजा कर. राहिले ५८९. दोन वर्षांचे ७३० धरले तर १४१ कमी.

आणि भावाचं लग्न! १४ डिसेंबर २०२४ ला उतरलीस, १८ जानेवारी २०२५ ला निघालीस. मधले पूर्ण दिवस ३४. तेही फुलब्राइटनंतरच्या मायदेशातल्या मुक्कामातलेच. ते धरले तर तूट १०७ वर येते. पण कायद्यात नुसतं 'हजर असणं' नाही, 'राहणं' हाही शब्द आहे, आणि मंडपात घालवलेली सुट्टी म्हणजे राहणं नव्हे असं एखादा अधिकारी म्हणू शकतो. म्हणून ते ३४ राखीव ठेव. योजना १४१ ची कर, वर थोडी शिल्लक म्हणून १५० ची. पुढे त्या दिवसांत सिंगापूरला मैत्रिणीकडे आठवडा घालवलास तर तो मोजला जाणार नाही, हे ध्यानात ठेव. फक्त भारतातलेच दिवस.

म्हणजे तुझ्या मानेवरचं ओझं दोन वर्षांचं नाही, पाच महिन्यांचं आहे. पाच महिने घरी जा.

कसं जायचं, यात मात्र डोकं लावायला हवं. सरळ वाटतं ते असं, की जे-१ संपवायचा, सांगलीला जायचं, दिवस भरायचे आणि तिथून एच-१बी चा व्हिसा घेऊन परत यायचं. दोन कारणांनी हे करू नकोस. एक म्हणजे एच-१बी अडला तर जे-१ वर परतायची वाट राहत नाही: संशोधक म्हणून असलेला जे-१ एकदा संपला की पुढचे २४ महिने त्याच वर्गात परत येता येत नाही. ही २४ महिन्यांची बंदी आणि आपली दोन वर्षांची अट या दोन वेगळ्या गोष्टी, लोक कायम एकीचं दुसरीला लावतात. हिला तर वेव्हरही नाही. (तुझी फुलब्राइट 'विद्यार्थी' वर्गात होती म्हणूनच तू २०२४ मध्ये संशोधक म्हणून येऊ शकलीस.) दुसरं म्हणजे सप्टेंबर २०२५ चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश. देशाबाहेरच्या माणसासाठी भरलेल्या नव्या एच-१बी अर्जावर त्याने एक लाख डॉलर लावले. अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाहीत, असं इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. आदेश सुरुवातीला एका वर्षासाठी काढला होता, तेव्हा तू अर्ज करशील त्या आठवड्यातली स्थिती ऑफिसला विचारायचीच. तुझे प्रोफेसर कितीही चांगले असले तरी लाख डॉलर कोणतीही लॅब भरत नाही.

म्हणून मी सुचवते ते असं. जे-१ जिवंत ठेव. संशोधनाचं काम देशाबाहेरून करायची परवानगी युनिव्हर्सिटी देऊ शकते. ३० दिवसांपेक्षा जास्त बाहेर असशील तर तशी नोंद ऑफिसला सरकारी प्रणालीत करावी लागते. तू लिहितेस की तुझ्या प्रकल्पाचे नमुने पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या मातीचे आहेत. अगं, मग यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं? प्रोफेसरांशी बोल: पाच महिने पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या सहकारी प्रयोगशाळेत बसून नमुने गोळा करणं आणि विश्लेषण, पगाराचं काय ते आधी ठरवून. मग जे-१ वरच परत ये, दिवस भरल्याचा पुरावा युनिव्हर्सिटीच्या वकिलाला दे, आणि एच-१बी चा स्टेटस बदल अमेरिकेतूनच होऊ दे. युनिव्हर्सिटीला एच-१बी च्या मर्यादित जागांची लॉटरी नसते, वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. संशोधकाच्या जे-१ ला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, म्हणजे जानेवारी २०२९ पर्यंत जागा आहे. घाई फक्त व्हॉट्सॲपला आहे.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घे. दुसऱ्या जे-१ वर असताना भारतात राहिलेले दिवस फुलब्राइटच्या अटीत धरायला काही हरकत नाही ना, हे वकिलाकडून. 'अमेरिका सोडल्यानंतर एकूण' या शब्दांवरून ते धरले जायला हवेत, पण पाच महिने खर्च करण्याआधी कागद हातात हवा. आणि व्हिसाच्या स्टिकरची मुदत परतायच्या दिवसापर्यंत आहे का ते बघ. नसेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत नव्याने मुलाखत आलीच, तिची तारीख लवकर मिळेल हे गृहीत धरू नकोस.

पुरावा घरी असतानाच गोळा कर, परत आल्यावर नाही. अमेरिका निघताना शिक्का मारत नाही, त्यामुळे मुंबई विमानतळावरचे शिक्के हाच तुझा खरा साक्षीदार. पुसट असतील तर बोर्डिंग पास, विमान कंपनीच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, पीएचडीची उपस्थिती, प्रयोगशाळेचं पत्र. अट पूर्ण झाली की नाही, हे तुझा पुढचा अर्ज तपासणारा अधिकारी ठरवतो, तेव्हा त्याला बेरीज करायला लावू नकोस. एका पानावर तारखांचा तक्ता आणि त्यामागे शिक्क्यांच्या प्रती, इतकं सोपं करून दे.

नवऱ्याचं. तुमचं लग्न २०२३ मधलं, म्हणजे फुलब्राइटच्या वेळी तो तुझ्यावर अवलंबून नव्हता. त्याला अट लागली होती ती तुझ्या दुसऱ्या जे-१ मुळे, आणि ती यादीबरोबर गेली. त्याचा एच-१बी होऊ शकतो. त्याच्या कंपनीच्या वकिलाला खात्री हवी असेल तर वेव्हर विभागाकडून 'अट लागू आहे की नाही' असं लेखी मत मागवता येतं, त्याला फी नाही. फक्त तुझे दोन्ही डीएस-२०१९ सोबत लावायचे. पण त्याच्या एच-१बी वर तू एच-४ होऊ शकत नाहीस, कारण एच-४ हाही एच च. दिवस भरल्यावर खुशाल. त्याला मार्चची लॉटरी लागली तर त्याचा एच-१बी १ ऑक्टोबरला सुरू होईल. शक्य असेल तर त्यानंतर निघ. त्याआधी निघायची वेळ आली, तर तू पाच महिने बाहेर असताना त्याला जे-२ वर तिथे राहून नोकरी करता येईल का, हे ऑफिसला विचारल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

कोणीतरी तुला ओ-१, म्हणजे असामान्य कर्तृत्वाचा व्हिसा, हाही सुचवेल. ही अट ओ-१ ला आड येत नाही, पण तो घ्यायला देशाबाहेरच्या वकिलातीत जावं लागतं आणि ग्रीन कार्डची दारं तशीच बंद राहतात. पाच महिन्यांचं काम टाळण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

ग्रीन कार्डाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. त्याचा सुरुवातीचा टप्पा, आय-१४० हा अर्ज, या अटीने अडत नाही. अडतो तो शेवटचा. भारतीयांची नोकरीतून येणारी रांग काही वर्गांत दहा वर्षांहून लांब आहे, म्हणून प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, जितकी लवकर तितकी बरी. मात्र जे-१ हा परत जाण्याच्या बोलीवर दिलेला व्हिसा. आय-१४० भरून मग वांद्र्याच्या खिडकीवर 'मी परत जाणार आहे' असं सांगणं अवघड. तुझ्या बाबतीत क्रम असा ठेव: सांगली, परत, एच-१बी, आणि मग आय-१४०.

राहिला मावसभाऊ. त्याचं प्रकरण तुझ्यापेक्षा वेगळं. रेसिडेन्सीसाठी आलेल्या डॉक्टरांची अट यादीमुळे नव्हतीच, त्यामुळे यादी गेल्याने त्याला काहीच फरक पडला नाही. ना-हरकत पत्राचा रस्ताही कायद्यानेच त्याला बंद आहे, तेव्हा त्याच्या आईवडिलांनाही एजंटापासून वाचव. त्याच्यासाठी मळलेली वाट म्हणजे कॉनराड कार्यक्रम. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने १९९४ पासून चालू आहे. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टर कमी असलेल्या भागात एच-१बी वर पूर्णवेळ तीन वर्षं काम करायची हमी. बदल्यात दोन वर्षं माफ. मोठ्या राज्यांत जागा पटकन भरतात. या जागांचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणून रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाची वाट न बघता त्याने आत्ताच छोट्या गावांतल्या हॉस्पिटलांशी बोलणी सुरू करावीत, आणि करारावर सही करण्यापूर्वी त्या हॉस्पिटलने यापूर्वी एखादा कॉनराड डॉक्टर घेतला आहे का, हे विचारावं.